‘रेत समाधि’ कट्ट्यावर घ्यायची आहे, पण लोक शंभर पानांच्या आतच का सोडतात?

पाणीवेस
नमस्कार मंडळी. जुळे सोलापुरातल्या वाचनकट्ट्यावर पुढचे चार महिने गीतांजली श्री यांची ‘रेत समाधि’ घ्यायचं चाललंय. वीस-बावीस माणसं, त्यात निवृत्त मास्तर, बँकेतले, दोन डॉक्टर आणि चार-पाच कॉलेजची पोरं. अडचण अशी की ज्यांनी पुस्तक हातात घेतलं त्यातले निम्मे शंभरीच्या आत गळाले. तक्रार एकच: म्हातारी उठतच नाही. ऐंशी वर्षांची बाई, नवरा गेलेला, थंडीचे दिवस, भिंतीकडे तोंड करून पडलीय. घरचे एकेक जण येऊन उठवतात. दहा पानं उलटली तरी ती तिथंच.

इंटरनॅशनल बुकर मिळालेलं पुस्तक, मग वाचक टिकत का नाही? आणि घ्यायचंच तर कसं घ्यावं? एका बैठकीला किती पानं, घरी वाचून यायचं की मोठ्यानं वाचायचं, हिंदीतून की इंग्रजीतून? ‘सुंदर आहे, जरूर वाचा’ एवढंच नको, नेमकं सांगा.

कडकभाकरी
म्हातारी उठत नाही हीच तर गोष्ट आहे, मालक.

कंबरतलाव
वाचक सोडतो यात वाचकाचा दोष आहे असं मला वाटत नाही. पावणेचारशे पानांची कादंबरी. त्यात घराच्या दरवाजावर पानंच्या पानं, थोरल्या मुलाच्या शेवंतीवर पानं, कावळ्यांची सभा, मध्येच कुठला तरी ‘मी’ येतो आणि निघून जातो. शब्दांचे खेळ पहिल्या दहा वेळा गोड लागतात, पन्नासाव्या वेळी धाप लागते. २०१८ला राजकमलनं काढली तेव्हा ती मोजक्याच लोकांच्या हातात होती. २०२२च्या मे महिन्यात बक्षीस लागलं आणि ती एकदम सगळ्यांना थोर वाटू लागली. हे बक्षीसही इंग्रजी अनुवादानं मिळवून दिलेलं. कट्ट्यानं बक्षिसाचा डांगोरा ऐकून पुस्तक निवडू नये, एवढंच माझं म्हणणं.

भुईकोट
कंबरतलाव, बक्षिसाबद्दलची माहिती थोडी नीट मांडतो, नाहीतर चर्चा भलतीकडे जाईल.

इंटरनॅशनल बुकर हा ‘हिंदीतली सर्वोत्तम कादंबरी’ ठरवणारा पुरस्कार नाहीच. इंग्रजीत अनुवाद झालेलं आणि ब्रिटन किंवा आयर्लंडमध्ये प्रकाशित झालेलं पुस्तक असावं लागतं. ते प्रकाशक पाठवतो. पाच परीक्षक असतात. त्या वर्षी आधी १३ पुस्तकांची यादी लागली, मग ६ची. रक्कम ५०,००० पौंड, आणि ती लेखक-अनुवादकात निम्मी-निम्मी. म्हणजे गीतांजली श्री आणि डेझी रॉकवेल, दोघींचं ते सारखंच बक्षीस. त्या वर्षीचे परीक्षकांचे अध्यक्ष फ्रँक विन हे स्वतः अनुवादक. भारतीय भाषेतून आलेल्या पुस्तकाला हा मान पहिल्यांदाच मिळाला होता.

साहित्य अकादमीचं गणित वेगळं. २४ भाषा, दर भाषेला वर्षातून एक पुस्तक, एक लाख रुपये, आणि मूळ भाषेतलंच पुस्तक तपासलं जातं. एका पुरस्काराच्या मापानं दुसरा मोजला की गोंधळ होतो. ‘हिंदीतल्या लोकांना कळलं नाही ते लंडनला कळलं’ हे वाक्य त्या गोंधळातूनच येतं. लंडननं हिंदी वाचलंच नव्हतं, रॉकवेलबाईंचं इंग्रजी वाचलं होतं.

कंबरतलाव
मान्य. पण मग ‘बुकरविजेती’ म्हणून हिंदी प्रत विकणंही चुकीचं की नाही?

भुईकोट
विकू दे की. पुस्तक हातात आलं तर वाचलं जाण्याची शक्यता निदान उरते. त्र्यं. वि. सरदेशमुख आपल्या सोलापूरचे. त्यांच्या ‘डांगोरा एका नगरीचा’ला २००३चा साहित्य अकादमी पुरस्कार आहे. इथल्या किती घरांत ती कादंबरी आहे? विचारी, सावकाश चालणारं लेखन, संस्थानी गावाच्या आतून पाहिलेलं. पुरस्कार घरचा, लेखक घरचा, तरी वाचक कमीच. तिच्यासाठी जरा डांगोरा पिटला असता तर बरंच झालं असतं. ‘रेत समाधि’नंतर कट्ट्यानं तीच घ्यावी ही माझी विनंती समजा.

विजापूरवेस_ताई
+१. डांगोरा घ्याच.

अनुवादी
पाणीवेस, मूळ प्रश्नाकडे येते. लोक का सोडतात याचं एक अगदी साधं कारण आहे: मराठी वाचक ही हिंदी डोळ्यांनी वाचतो, आणि पुस्तक लिहिलंय कानासाठी.

सुरुवात पहिल्या भागाच्या नावापासून करा. तीन भाग आहेत: पीठ, धूप, हद-सरहद. ‘पीठ’ वाचल्यावर मराठी डोक्यात पहिल्यांदा परात येते. हिंदीत पीठ म्हणजे पाठ. आणि मराठीत पाठ म्हटलं की किती गोष्टी जाग्या होतात बघा: पाठ फिरवणे, पाठ टेकणे, पाठीशी उभं राहणे, पाठचा भाऊ, पाठमोरी. त्या म्हातारीनं सगळ्या घराकडे पाठ केलीय आणि घर तिच्या पाठीशीच बोलतंय. सून, थोरला, लेक, नातू, सगळे पाठीशी बोलतात. हा एक शब्द आधी उघडून दाखवला तर पहिली पन्नास पानं रेंगाळलेली वाटत नाहीत.

दुसरा शब्द ‘रेत’. मराठीत त्याचा अर्थ भलताच, त्यामुळे पोरं हसतील. पहिल्याच मिनिटाला सांगून टाका की ही वाळू, आणि पुढं चला.

तिसरा ‘समाधि’. इथं सोलापूरकराला काही समजावून सांगायला लागत नाही. तळ्यात सिद्धरामेश्वरांची समाधी आहे, तिला आपण थडगं म्हणत नाही. माणूस गेलाय आणि बसलाय, दोन्ही एकदम. भिंतीकडे तोंड करून पडलेली बाई मेल्यासारखी आहे की ध्यानात आहे, हा कादंबरीचा पहिला प्रश्न, आणि तो शीर्षकातच ठेवलाय. इंग्रजीत ‘टूम ऑफ सँड’ म्हटल्यावर थडगं तेवढं उरलं, ध्यान गेलं. रॉकवेलबाईंचा अनुवाद उत्तम आहे, पण त्या एका शब्दाला इंग्रजीत जागाच नाही.

अशोकचौक_०७
ताई, ‘नहीं’ आणि ‘नई’ राहिलं की!

अनुवादी
तेच सांगणार होते. सगळ्यात महत्त्वाची जागा ती.

घरचे उठवतात, आई म्हणते उठणार नाही. ‘नहीं’ म्हणते. परत म्हणते, परत म्हणते, आणि म्हणता म्हणता त्या ‘नहीं’तला ह गळतो आणि ‘नई’ होतं. नई म्हणजे नवी. नकारातूनच ‘आता मी नवीच होऊन उठेन’ निघतं. सगळी कादंबरी त्या एका अक्षराच्या गळण्यावर उभी आहे. डोळ्यांनी भरभर वाचणारा ते ओलांडून जातो आणि मग म्हणतो, काहीच घडत नाही.

इंग्रजीत त्यांनी ‘नो’ ताणत ताणत ‘न्यू’पर्यंत नेलाय. कागदावर ते जरा विचित्र दिसतं, उच्चारलं की बसतं.

अशोकचौक_०७
आपल्या गावात तर हे फोडून सांगायलाही लागणार नाही. दखनीत, म्हणजे आपल्याकडच्या हिंदी-उर्दू बोलीत, ‘नहीं’ला ‘नईं’च म्हणतात. “मैं नईं आती” हे इथल्या कुठल्याही रिक्षा स्टॉपवर ऐकायला मिळतं. म्हणजे सोलापुरी कानाला नकार आणि नवं दोन्ही एकाच आवाजात आधीपासून येतंय. हा उतारा दखनी बोलणाऱ्या कुणाकडून वाचून घ्या. लखनवी हिंदीपेक्षा जास्त लागेल.

विजापूरवेस_ताई
काय सुंदर सांगितलंत! हे लक्षातच आलं नव्हतं.

कंबरतलाव
हा मुद्दा चांगला आहे. पण मराठीत आणायचं म्हटलं तर? ‘नाही’ आणि ‘नवी’ काही जुळत नाहीत.

अनुवादी
‘नाही’वर अडून बसलं तर नाही जुळत. ‘नव्हे’ घ्या. आपल्याकडच्या बोलीत ‘न्हवं’. आता म्हणून बघा: “हे उठणं न्हवं.” चार वेळा म्हणा, ह हलका करत. “हे उठणं न्हवं… हे उठणं नव्हं… हे उठणं नवं.” हिंदीत जिथं ह गळतो तिथंच इथंही ह गळतो. अडचण एवढीच की ‘नव्हं’ हा नामाचा नकार आहे, क्रियापदाचा नाही, म्हणून “मी उठणार नाही” असं सरळ म्हणता येत नाही. वाक्य फिरवून “हे काही उठणं न्हवं” असं घ्यावं लागतं, आणि बाई प्रमाण मराठी बोलत असेल तर तिच्या तोंडी एकदम बोली का आली, याचं कारण आधी पेरावं लागतं. अनुवादात एका शब्दाची किंमत अशी चार पानं मागे जाऊन भरावी लागते.

कडकभाकरी
न्हवं, नव्हं, नवं. सकाळपासून हेच चाललंय तोंडात.

हिप्परगा
‘अंतर्मुख कादंबरी मराठी माणसाला झेपत नाही’ हे वाक्य कट्ट्यावर कुणीतरी म्हणणारच. त्याला उत्तर तयार ठेवा, कारण ते खरं नाही.

‘ययाति’ घ्या. १९५९ची. ययाति, देवयानी, शर्मिष्ठा आपापल्या तोंडानं बोलतात, सगळं मनातलंच. १९६०चा साहित्य अकादमी मिळाला, खांडेकरांना १९७४चं ज्ञानपीठ मिळालं, आणि लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या वाचली. ‘मृत्युंजय’ घ्या, १९६७. कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण, कृष्ण, एकेकाचं आत्मकथन. पानं ‘रेत समाधि’पेक्षा कितीतरी जास्त. लग्नात अहेर म्हणून दिली जाते ती कादंबरी! म्हणजे आत बघणारं लेखन आपल्याला चांगलं पचतं.

फरक दोन ठिकाणी आहे. एक, तिथं गोष्ट आधीच माहीत असते. कर्णाचं काय होणार हे ठाऊक असल्यामुळे वाचक त्याच्या मनात निवांत फिरतो. इथं म्हातारीचं काय होणार याचा पत्ता नाही, म्हणून वाचक घटना शोधत पळतो आणि मनाच्या पानांवर चिडतो. दोन, तिथं कोण बोलतंय ते प्रकरणाच्या डोक्यावर लिहिलेलं असतं. इथं निवेदक कुणीही होतो: कावळा, दरवाजा, रस्ता, तो मध्येच येणारा ‘मी’. वाचकाला पकडायला खांदा मिळत नाही.

यावर उपाय सोपा आहे. कट्ट्यावर पहिल्या दिवशी गोष्ट सरळ सांगून टाका.

विजापूरवेस_ताई
गोष्ट सांगून टाका? मग वाचणार कोण?

हिप्परगा
ही कादंबरी गोष्ट कळल्यानं बिघडत नाही. पुढं कथानक उघड केलंय, नको असेल त्यांनी हा परिच्छेद सोडावा. आई उठते, घरातून नाहीशी होते, सापडते, थोरल्याकडे न राहता एकट्या राहणाऱ्या लेकीकडे जाते. तिथं रोझी नावाच्या तृतीयपंथी मैत्रिणीशी तिचं जमतं. ती रोझी कधी रज़ा टेलर मास्टर होऊन येते. पुढं आई लेकीला घेऊन सरहद्द ओलांडते, कारण फाळणीआधीचं तिचं एक आयुष्य तिकडं राहिलंय. भिंतीकडे वळलेल्या पाठीपासून सुरू झालेली गोष्ट खैबरमध्ये पाठीवर पडून आकाशाकडे बघत संपते. एवढं सांगितलं की वाचक घाई सोडतो आणि पाठ कुठं कुठं येते ते बघायला लागतो.

कंबरतलाव
पाठीचा हा धागा मी सोडला होता. परत बघतो.

अनुवादी
कंबरतलाव, परत बघताना ‘माई’ही जोडीला घ्या, १९९३ची, त्यांची पहिली कादंबरी. ती आईच्या कमजोर पाठीच्या कण्यापासूनच सुरू होते. सतत वाकलेली आई आणि तिच्याकडे बघणारी मुलगी. पंचवीस वर्षांनी आलेल्या ‘रेत समाधि’त तीच पाठ वळते आणि उठते. कट्ट्यातल्या ज्यांना मोठं पुस्तक झेपणार नाही त्यांना आधी ‘माई’ द्या, आकारानं लहान आहे आणि सरळ चालते. आणि लेखिकेच्या नावातलं ‘श्री’ हे आडनाव नाही, आईचं नाव आहे. हे ऐकल्यावर पुस्तक वेगळं दिसायला लागतं.

पार्कचौक
कट्टा चालवण्याबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून व्यवहाराचं लिहितो.

चार महिने, पंधरा दिवसांनी बैठक, म्हणजे आठ बैठका. ३७६ पानं आठावर सारखी वाटू नका. भागांवर तोडा: ‘पीठ’ला तीन बैठका, ‘धूप’ला तीन, ‘हद-सरहद’ला दोन. शेवटचा भाग आपोआप वेगानं जातो, तिथं प्रवास आहे. सरासरी ४५-५० पानं घरी वाचायची झाली, रोज चार पानं, जास्त नाही. एका दमात पन्नास पानं वाचणारा माणूस हमखास कंटाळतो. प्रकरणं लहान आहेत, काही तर काही ओळींची, त्याचा फायदा घ्या. सकाळच्या चहाबरोबर दोन प्रकरणं.

बैठकीत सहा-सात पानं मोठ्यानं. हिंदी पान सावकाश वाचायला सव्वादोन-अडीच मिनिटं लागतात, म्हणजे पंधरा-सोळा मिनिटं. त्यापेक्षा जास्त वाचलं की मागच्या रांगेतली माणसं घड्याळ बघतात. वाचणारा दर दोन पानांनी बदला.

नावांचा तक्ता करू नका. लोक पहिल्या दिवशी वंशावळ काढायला बसतात आणि तिथंच दमतात. लेखिकेनं मुद्दाम नाती ठेवलीत: अम्मा, बड़े, बहू, बेटी. आपल्याकडं पण घरात कुणाला नावानं हाक मारतात?

पेन्सिलीनं फक्त तीन खुणा करायला सांगा: पाठ, दरवाजा, काठी. ती फुलपाखरांची घडीची काठी. आठव्या बैठकीला प्रत्येकानं आपल्या खुणा जोडून दाखवायच्या. चर्चा तिथंच उभी राहते, वेगळे प्रश्न काढायची गरज नाही.

आणि संक्रांतीच्या आगंमागं बैठक ठेवू नका. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेच्या, दिवसांत होम मैदानाच्या बाजूनं माणूस वेळेवर पोचत नाही, आणि अक्षता सोहळ्याच्या दिवशी तर कट्टा रिकामाच राहील.

भुईकोट
पार्कचौक, हे छापून लावण्यासारखं आहे. एक भर घालतो: कुठली बैठक भरकटते तेही आधी माहीत असावं. एक, ‘बुकर योग्य की अयोग्य’. पुस्तक न वाचलेला माणूसही यावर तासभर बोलू शकतो, म्हणून हा विषय आठव्या बैठकीपर्यंत बंद ठेवा. दोन, आग्र्याचा प्रसंग. २०२२च्या जुलैत तिथला लेखिकेच्या सत्काराचा कार्यक्रम रद्द झाला, कारण हाथरसमध्ये शंकर-पार्वतीबद्दलच्या मजकुरावरून तक्रार झाली होती. हा विषय निघणारच. निघाला की तो मजकूर काढा, मागची-पुढची दोन-दोन पानं वाचा, मग बोला. एक ओळ बाहेर काढून त्यावर मत देणं कुठल्याच बाजूनं होऊ देऊ नका.

तीन, वाघा सीमेचं प्रकरण. मंटो, भीष्म साहनी, कृष्णा सोबती, इंतिज़ार हुसैन असे फाळणीचे लेखक तिथं हजर होतात. ज्यांनी हे वाचलेले नाहीत त्यांना ती नुसती नावांची जंत्री वाटते. त्या बैठकीआधी मंटोची ‘टोबा टेक सिंह’ सगळ्यांनी वाचून यावी, अर्ध्या तासाची कथा आहे. सोबतींचं नाव तर पुस्तकाच्या अर्पणातच आहे.

बसवेश्वर_नगर
कन्नड घरातले चार जण तरी कट्ट्यात असतील. त्यांना सांगा, २०२५ला हाच पुरस्कार बानू मुश्ताक यांच्या कन्नड कथांना मिळालाय, दीपा भास्ती यांचा अनुवाद. कथासंग्रहाला पहिल्यांदाच. कन्नड वाचणाऱ्यांनी मूळ कथा मोठ्यानं वाचून मराठीत सांगितल्या तर पुढच्या सत्राची सोय झाली.

भुईकोट
डांगोरा आधी!

बसवेश्वर_नगर
डांगोरा आधी, मान्य. 🙏

कंबरतलाव
दरवाजाची पानं काल रात्री परत वाचली. माझं मत पूर्ण बदललेलं नाही. कावळ्यांचा भाग अजूनही लांबलाय असंच म्हणेन, तिथं चिमटीभर कात्री चालली असती. पण दरवाजाबद्दल चुकलो होतो. थोरला सरकारी अधिकारी, बदलीगणिक घरं बदललेली, तरी थोरल्याच्या घराचा दरवाजा मात्र पिढ्यान्‌पिढ्या तोच आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला उघडा. आई त्याच दरवाजातून बाहेर पडून लेकीकडे जाते. ते वर्णन आधी आलं नसतं तर तिचं जाणं नुसतं घर बदलणं वाटलं असतं. पार्कचौक म्हणतात तशा पेन्सिलीच्या खुणा केल्या आणि मग हे दिसलं. कट्ट्यावर घ्या, माझा विरोध नाही.

विजापूरवेस_ताई
कावळ्यांवर तुमच्याशी भांडायला मी येणार आहे, तयारीत राहा.

पाणीवेस
सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं: हिंदीतूनच, आठ बैठका, तीन-तीन-दोन. पहिल्या दिवशी गोष्ट सांगायची, ‘पीठ’, ‘रेत’, ‘समाधि’ हे तीन शब्द उघडायचे, पेन्सिली वाटायच्या. बुकरवर आठव्या बैठकीपर्यंत बंदी. वाघ्याआधी मंटो. नंतर ‘डांगोरा’.

शेवटचं एक विचारतो. पहिल्या दिवशी मोठ्यानं वाचायला ‘नहीं’ ते ‘नई’ची पानंच घ्यायची ना? आणि एकानं वाचायची की दोघांनी?

अशोकचौक_०७
दोघांनी. घरच्यांची वाक्यं एकानं, उभं राहून, लोकांकडे तोंड करून. आईचं एकटं ‘नहीं’ दुसऱ्यानं. तिचा आवाज हळूहळू बारीक करत न्यायचा, ह गळेपर्यंत.

अनुवादी
आणि आई वाचणाऱ्याची खुर्ची भिंतीकडे फिरवून ठेवा.

पाणीवेस
खुर्ची भिंतीकडे. लिहून घेतलं.